आधी पावडर, मग नाच: व्हेनोमॉथ कसा पकडावा, वाढवावा आणि लढवावा

व्हेनोमॉथ हा पोकेमॉनच्या व्हिडिओ खेळांतला एक विषारी पतंग. तो घेऊन हरणारे बहुतेक जण एकाच चुकीनं हरतात. नावात विष आहे म्हणून पॉयझन पावडर ठेवतात आणि समोरचा विषानं हळूहळू गळेल याची वाट पाहत बसतात. तेवढा वेळ हा पतंग टिकतच नाही. त्याच्या कामाच्या मूव्ह, म्हणजे लढाईतल्या चाली, दोनच: स्लीप पावडर आणि क्विव्हर डान्स. समोरच्याला निजवायचं, तो निजला की नाचून घ्यायचं, मग मारायचं. पुढे जे काही सांगितलं आहे ते या तीन पावलांभोवतीच फिरतं. पोकेमॉन गोमध्ये मात्र झोप नावाची गोष्टच नाही, आणि जुन्या फायररेड-लीफग्रीनमध्ये हा नाच नाही, त्यामुळे तिथला हिशेब वेगळा.

अंगकाठी

पोकेमॉनच्या राष्ट्रीय यादीत व्हेनोनॅट, म्हणजे याचं आधीचं रूप, ४८ वा आणि व्हेनोमॉथ ४९ वा. दोघंही १९९६ सालच्या पहिल्या खेळांपासून आहेत. जात बग (किडा) आणि पॉयझन (विष). ३१ व्या पातळीवर व्हेनोनॅटचा व्हेनोमॉथ होतो. दगड लागत नाही, अदलाबदल लागत नाही. गंमत म्हणजे ३० किलोचा केसाळ गोळा बदलतो आणि साडेबारा किलोचा पतंग बाहेर येतो.

व्हेनोमॉथचे मूळ आकडे: एचपी (जीव) ७०, अटॅक ६५, डिफेन्स ६०, स्पेशल अटॅक ९०, स्पेशल डिफेन्स ७५, स्पीड ९०. बेरीज ४५०. यातले कामाचे दोनच, स्पेशल अटॅक आणि स्पीड. डिफेन्स ६० म्हणजे कडब्याची भिंत. अंगाला लागणारा कोणताही जोरदार मार त्याला एका फटक्यात आडवा करू शकतो.

आग, उडते, सायकिक आणि दगड या चार जातींचा मार त्याला दुप्पट लागतो. गवत आणि फायटिंग यांचा चौथाई लागतो, बग, पॉयझन आणि फेअरीचा निम्मा. जमिनीच्या मूव्हबद्दल पुष्कळांचा घोळ होतो. पॉयझनला जमीन दुप्पट लागते, बगला निम्मी लागते, दोन्ही मिळून हिशेब बरोबरीत सुटतो. म्हणजे अर्थक्वेक त्याला साधाच लागतो. पण डिफेन्स ६० असल्यानं साधाही पुरतो.

पोकेडेक्समध्ये, म्हणजे खेळातल्या पोकेमॉन-कोशात, म्हटलं आहे की त्याच्या पंखावरच्या खवल्यांचा रंग म्हणजे आत कोणतं विष आहे त्याची खूण. फवारणीच्या डब्यावर लाल, पिवळा, निळा, हिरवा त्रिकोण असतो ना, तसाच प्रकार. तो रात्री हिंडतो आणि खांबावरच्या दिव्याशी जमणारे किडे खातो असंही तिथेच लिहिलं आहे. पावसाळ्यात गावच्या चौकातला दिवा ज्यानं पाहिला आहे त्याला हे वेगळं सांगायला नको. लढाईत मात्र रंगाचा काहीच उपयोग नाही. निळा व्हेनोमॉथ दिसला तर तो शायनी, म्हणजे क्वचित निघणाऱ्या वेगळ्या रंगाचा, एवढंच.

पोकेमॉन गो: पावसाळा दवडू नका

फोन घेऊन फिरत पोकेमॉन पकडायचा हा खेळ भारतात डिसेंबर २०१६ मध्ये आला, पण खेड्यातली अडचण अजून तीच आहे. पोकेस्टॉप, म्हणजे सामान मिळायचं ठिकाण, एखाद्या देवळावर नाहीतर एसटी स्टँडवर, आणि वावराकडे गेलं की नकाशा कोरा. तरी व्हेनोनॅटच्या बाबतीत आपल्याकडचा पाऊस मदतीला येतो. या खेळात पाऊस असला की बग जातीला जोर मिळतो आणि ढगाळ असलं की पॉयझनला. व्हेनोनॅटमध्ये दोन्ही जाती आहेत, म्हणून आषाढ-श्रावणात आभाळ कसंही असलं तरी बहुतेक वेळा तो जोरात असतो. जोरात असलेला जंगली व्हेनोनॅट पाच पातळ्या वर निघतो आणि पकडल्यावर स्टारडस्टही (पोकेमॉनचा जोर वाढवायला लागणारी धूळ) जास्त देतो. उन्हाळ्यात पंचेचाळीस अंशात हिंडून जे मिळत नाही ते जुलैत गल्लीत मिळतं.

गोमध्ये उत्क्रांतीला, म्हणजे व्हेनोमॉथ व्हायला, पातळी नाही तर ५० कँडी लागतात. एक पकडला की ३ कँडी, नको असलेला ट्रान्सफर केला की आणखी १. एक स्वतःकडे ठेवून बाकीचे ट्रान्सफर केले तर १३ व्हेनोनॅट लागतात: ३९ आणि १२ मिळून ५१. पिनॅप बेरी दिली तर पकडल्यावर ३ ऐवजी ६ मिळतात आणि ८ मध्ये काम होतं. सातवर थांबाल तर ४८ होतात, दोन कमी. म्हणून पिनॅप अशाच कामाला राखा. आपल्याकडे दिवसाला दोन-चारच दिसतात, त्यामुळे एकेक पकड मोलाची. पळून जाईल अशी भीती वाटली तरच राझ बेरी द्या.

गावात पोकेमॉन निघतच नसतील तर रोज एकदा फुकट मिळणारी डेली अॅडव्हेंचर इन्सेन्स वापरा. ती पंधरा मिनिटं चालते, पण बसल्या जागी तिचा उपयोग नाही, चालावं लागतं. गाव ते फाटा हा रस्ता तिला अगदी नेमका. अॅडव्हेंचर सिंक चालू ठेवा म्हणजे फोन खिशात असतानाही पावलं मोजली जातात. वावरात जाणंयेणं, पाण्याला जाणं, सगळं हिशेबात येतं. व्हेनोनॅटला बडी (सोबती) केलं तर त्या चालण्यावर कँडीही येते, पण नुसत्या चालण्यावर पन्नास जमवायला महिने जातात. ते भरीला ठेवा, भरवसा पकडीवर ठेवा.

एक गोष्ट गांभीर्यानं घ्या. संध्याकाळनंतर फोनकडे पाहत पांदण सोडून धुऱ्यावर उतरू नका. रानडुकरांसाठी तारेत झटका मशीनचा करंट सोडलेला असतो, आणि कुठे कुठे थेट लाईनचाही, तो तर जीवच घेतो. तार अंधारात दिसत नाही. पऱ्हाटी कमरेएवढी झाली की साप दिसत नाही. चंद्रपूर-गडचिरोलीकडे जंगलालगतच्या गावात तर अंधार पडल्यावर बाहेर हिंडायचंच नाही. आणि पावसाचा जोर घ्यायचा म्हणून आभाळ गडगडत असताना मोकळ्या रानात किंवा झाडाखाली उभं राहू नका. ढगाळ हवामानातही व्हेनोनॅटला तोच फायदा मिळतो, त्यासाठी विजेखाली जायची गरज नाही.

पकडून झालं, बदलून झालं, आता त्याच्यावर स्टारडस्ट ओतायचं का? नको. झोप नाही, नाच नाही, म्हणजे गोमध्ये या पतंगाचा प्राणच काढून घेतला आहे. यादी भरायला एक, शायनी मिळाला तर तो एक, इतकं ठीक.

फायररेड आणि लीफग्रीन

या जुन्या, तिसऱ्या पिढीच्या जोडखेळांत व्हेनोनॅट १२ ते १५ नंबरच्या रस्त्यांवरच्या गवतात मिळतो, साधारण चोविसाव्या पातळीचा. हे रस्ते लॅव्हेंडर गावाकडून फ्युशिया शहराला जातात, म्हणजे तिथला जिमप्रमुख कोगा, ज्याला हरवायचं आहे, त्याच्या वाटेवरच. कोगाचे सगळे पोकेमॉन पॉयझन जातीचे, त्यामुळे सायकिक मूव्ह असलेला व्हेनोमॉथ तिथे चांगला चालतो, आणि त्यांच्या विषारी मूव्ह त्याला निम्म्याच लागतात. फक्त कॉफिंग सेल्फ-डिस्ट्रक्ट करतो, म्हणजे स्वतः फुटून मारतो, हे लक्षात असू द्या. भरल्या एचपीनंच त्याच्यासमोर जा.

सायकिक ही मूव्ह टीएम (मूव्ह शिकवायची तबकडी) २९ मध्ये असते आणि ती सॅफ्रन शहरात मिस्टर सायकिकच्या घरी मिळते. शहराच्या वेशीवरचा पहारेकरी तहानलेला असतो, त्याला चहा दिल्याशिवाय तो आत सोडत नाही. चहा सेलाडॉनच्या मोठ्या इमारतीतल्या आजीकडे मिळतो. आधी चहा, मग टीएम, मग व्हेनोनॅट ३१ ला नेऊन बदलणं, मग कोगा. हा क्रम उलटा केला की कोगासमोर कन्फ्युजनवर दिवस काढावे लागतात.

टीएम २९ दुसऱ्याला देऊन बसला असाल तर दुसरी वाट आहे, थोडी धीराची. व्हेनोनॅट सायबीम ३३ ला, स्लीप पावडर ३६ ला आणि सायकिक ४१ ला शिकतो. व्हेनोमॉथ तेच अनुक्रमे ३६, ४२ आणि ५२ ला शिकतो. म्हणजे ३१ ला बदलू दिला तर सायकिकसाठी अकरा पातळ्या जास्त थांबावं लागतं. बदलायला लागला की बी बटण दाबा, ३१ पासून ४० पर्यंत दहा वेळा. ४१ ला सायकिक शिकला की बी ला हात लावू नका. तोटा एवढाच की या दहा पातळ्यांत त्याचा स्पेशल अटॅक ४० चाच राहतो आणि लढाई दुसऱ्यांनाच ओढावी लागते. अनुभव वाटून देणारं एक्स्पी शेअर गळ्यात अडकवा आणि त्याला मागे बसवा.

आता या खेळातला खरा सापळा. तिसऱ्या पिढीत मूव्ह अंगमेहनतीची (अटॅकवर चालणारी) की स्पेशल (स्पेशल अटॅकवर चालणारी) हे तिच्या जातीवर ठरतं, मूव्हवर नाही. बग आणि पॉयझन या दोन्ही जाती तिथे अंगमेहनतीच्या. म्हणजे स्लज बॉम्ब आणि सिल्व्हर विंड व्हेनोमॉथच्या ६५ अटॅकवर चालतात, ९० स्पेशल अटॅकवर नाही. स्वतःच्या जातीची मूव्ह म्हणून दीडपट मिळतं खरं, पण पायाच कच्चा. टू आयलंडवर मोठं मशरूम देऊन सिल्व्हर विंड आठवायला लावणारे पुष्कळ आहेत. ते मशरूम वाया जातं. सायकिक आणि गवत जाती स्पेशल, म्हणून इथे त्याच्या मारायच्या मूव्ह सायकिक आणि गिगा ड्रेन. गिगा ड्रेन टीएम १९ मध्ये, सेलाडॉनची जिमप्रमुख एरिका हिला हरवल्यावर मिळते. तिचे पीपी ५ च आहेत, म्हणजे ती पाचदाच मारता येते, तेव्हा जमिनीच्या, दगडाच्या आणि पाण्याच्या पोकेमॉनसाठीच काढा. तिसरी स्लीप पावडर. चौथी काही का असेना, फरक पडत नाही.

सॅब्रिनाच्या जिममध्ये त्याला नेऊ नका. तिचा अलाकाझाम त्याला एका सायकिकमध्ये उडवतो. उलट तिच्याकडेच ३८ पातळीचा व्हेनोमॉथ आहे, त्याला दगडाच्या नाहीतर आगीच्या मूव्हनं आधी संपवा. पुढे येणाऱ्या ब्लेनची आग, लान्सचे उडते ड्रॅगन, इथेही त्याला डब्यातच ठेवा. ब्रुनोच्या फायटिंग पोकेमॉनसमोर मात्र तो मजेत उभा राहतो, ऑनिक्स सोडून.

एक व्हेनोनॅट न बदलता ठेवला तर तोही कामाचा. त्याची कंपाउंड आइज ही क्षमता मूव्ह लागायची शक्यता १.३ पट करते, त्यामुळे ७५ टक्क्यांची स्लीप पावडर ९७.५ टक्क्यांवर जाते. व्हेनोमॉथ झाला की ही क्षमता जाते. झोपलेला पोकेमॉन पकडायची शक्यता या पिढीत दुप्पट असते, तेव्हा व्हिक्टरी रोड आणि सेरुलियन गुहेतले जंगली पोकेमॉन पकडायला असा एक व्हेनोनॅट एव्हरस्टोन (बदल थांबवणारा दगड) देऊन ठेवा. तिन्ही पौराणिक पक्ष्यांसमोर मात्र नेऊ नका. त्याचा वेग ४५, त्यामुळे आधी मार तोच खातो आणि पावडर उडवायची वेळच येत नाही.

शोडाउन: खरा व्हेनोमॉथ इथे

नवे खेळ चालवणारं स्विच यंत्र घेणं प्रत्येकाला परवडत नाही. ऑनलाइन लढायचं पोकेमॉन शोडाउन ब्राउझरमध्ये फुकट चालतं, साध्या फोनवरही, आणि डेटा थोडाच खातं. टीम स्वतः लिहून बनवायची, पातळी वाढवायचा ताप नाही. इथे व्हेनोमॉथ असा बांधा:

क्षमता टिंटेड लेन्स. वस्तू हेवी-ड्यूटी बूट्स. स्वभाव टिमिड (स्पीड वाढवतो, अटॅक घटवतो). ईव्ही, म्हणजे आकड्यांत घालायचे जादा गुण, स्पेशल अटॅकमध्ये २५२, स्पीडमध्ये २५२, उरलेले ४ स्पेशल डिफेन्समध्ये. अटॅकचा आयव्ही (जन्मजात गुण) ० करा, म्हणजे गोंधळात स्वतःला मारला तरी आणि फाउल प्ले (आपलाच अटॅक आपल्यावर उलटवणारी मूव्ह) लागली तरी कमी लागतं. मूव्ह: स्लीप पावडर, क्विव्हर डान्स, बग बझ, आणि चौथी स्लज बॉम्ब किंवा सब्स्टिट्यूट (चौथाई एचपी देऊन पुढे बाहुली उभी करणारी मूव्ह).

शील्ड डस्ट का नाही? ती समोरच्या मूव्हचे जोडीचे परिणाम अडवते, पण मूळ मार तर लागतोच. टिंटेड लेन्स निम्म्या लागणाऱ्या मूव्हचा जोर दुप्पट करते. बग जातीला आग, फायटिंग, उडते, घोस्ट, पॉयझन, स्टील, फेअरी अशा सात जाती अडवतात, म्हणून साधारणपणे बगच्या मूव्ह कोणी घेत नाही. लेन्स असली की त्या सातांनाही बग बझ पुरी लागते. आणि बग मूव्ह शून्य लागते अशी जातच नाही. एका मूव्हवर सगळं भागतं, त्यामुळे झोप आणि नाच यांना जागा उरते. पॉयझनचं तसं नाही. स्टीलला स्लज बॉम्ब शून्य लागते आणि शून्याची दुप्पट शून्यच. फेअरीला मात्र ती दुप्पट लागते, म्हणून चौथी जागा तिला.

बूट्स का? मैदानात स्टेल्थ रॉक, म्हणजे आत येणाऱ्याला लागणारे दगड, पसरलेले असतात आणि या पतंगाला दगड दुप्पट लागतात. बूट्स नसले तर प्रत्येक वेळी मैदानात येताना चौथाई एचपी जातो. १०० व्या पातळीवर त्याचा एचपी २८१. एका येण्यात ७० गेले. चार वेळा आला तर १ उरतो. फोकस सॅशचा (पूर्ण एचपीवर एका फटक्यातून वाचवणारी पट्टी) मोहही टाळा, रॉक लागले की सॅश गेली.

आता वेग. टिमिडवर त्याचा स्पीड ३०६ होतो. एक नाच झाला की ४५९. मूळ वेग १३० असलेले फार तर ३९४ ला पोचतात, म्हणजे एका नाचानंतर हा त्यांच्या पुढे. मॉडेस्ट स्वभाव (स्पेशल अटॅक वाढवणारा) घेतला तर स्पीड २७९ आणि नाचानंतर ४१८. १३० वाल्यांच्या पुढे तोही राहतो, पण नाचायच्या आधी मागे पडतो आणि पावडर उडवायला पहिली पाळी मिळत नाही. सगळा डाव पहिल्या पाळीवर उभा आहे, म्हणून टिमिडच. वेग दीडपट करणाऱ्या चॉइस स्कार्फचा हिशेब मनात ठेवा: मूळ वेग ९० आणि टिमिड-जॉली असलेला स्कार्फवाला बरोबर ४५९ वर येतो, म्हणजे छापा-काटा. १०० वाला ४९२, तो पुढेच.

एक डाव हळू करून पाहा

समजा समोर व्हेपोरिऑन आहे. त्याचा स्पीड फार तर २५१, तुमचा ३०६.

पहिली पाळी: स्लीप पावडर. चारात तीनदा लागते. चुकली तर घाबरून बदलू नका, पुन्हा तीच. दोनदा सलग चुकायची शक्यता सोळात एक. लागली की या पाळीची त्याची मूव्ह गेली. झोप एक ते तीन पाळ्यांची असते आणि ही पाळी त्यात मोजली जाते.

दुसरी पाळी: इथेच लोक चुकतात. समोरचा निजला आहे म्हणून लगेच बग बझ मारतात. तीनात दोनदा तो या पाळीतही निजलेलाच असतो, तेव्हा नाचा. तीनात एकदा जागा होऊन मारेल, पण नाचानं स्पेशल डिफेन्सही दीडपट झालेला असतो, पाण्याचा मार सोसवतो. क्विव्हर डान्स स्पेशल अटॅक, स्पेशल डिफेन्स आणि स्पीड तिन्ही एक पायरी वाढवतो. डिफेन्स मात्र जिथल्या तिथे, १५६.

पुष्कळदा समोरचा या पाळीत पोकेमॉन बदलतो. बदलला तरी नाच वाया जात नाही. फक्त आत कोण आलं ते पाहून तिसरी पाळी ठरवा. गवत जातीचा आला असेल तर त्याला पावडर लागतच नाही, पण बग बझ दुप्पट लागते. अमूंगसला दुप्पट नाही, कारण तो गवत आणि पॉयझन दोन्ही. आगीचा किंवा उडता अंगानं मारणारा आला असेल तर विचार करा: वेग तुमचा जास्त आहे, बग बझनं तो जाईल का? खात्री नसेल तर टेरास्टल (लढाईत एकदाच जात बदलायची सोय) वापरा. स्टील टेरा घेतला की उडते, सायकिक आणि दगड तिन्ही निम्मे होतात, आणि बग बझला मिळणारं दीडपट तसंच राहतं. आगीसमोर मात्र स्टीलही दुप्पट जळतो.

तिसरी पाळी: समोरचा निजलेलाच असेल आणि तुमचा एचपी पूर्ण असेल तर आणखी एक नाच. एचपी निम्म्यावर असेल तर लोभ नको, बग बझ सुरू करा.

सब्स्टिट्यूट ठेवली असेल तर दुसऱ्या पाळीत ती घ्यावी की नाच, हा प्रश्न येतो. आधी सब्स्टिट्यूट. तिच्यामागे उभं राहून नाचलं की जागा झालेला समोरचा पहिला मार बाहुलीला घालतो. चौथाई एचपी जातो खरा, पण या पतंगाच्या एचपीचा नाहीतरी दुसरा काय उपयोग.

काय बिघडतं

प्रायोरिटी मूव्ह हा त्याचा काळ. एक्स्ट्रीम स्पीड, सकर पंच, अॅक्वा जेट या वेग पाहत नाहीत आणि सगळ्या अंगमेहनतीच्या, म्हणजे थेट १५६ डिफेन्सवर. समोरच्या टीममध्ये असा कोणी दिसला तर आधी त्याला दुसऱ्याकडून संपवा, मग पतंग बाहेर काढा. पावडर न लागणारे आणखी दोन प्रकार: ओव्हरकोट क्षमता आणि सेफ्टी गॉगल्स. पावडर उडवली आणि लागली नाही असं दिसलं की पुन्हा तीच मारत बसू नका. साउंडप्रूफ असलेल्याला बग बझ लागत नाही, कारण ती आवाजाची मूव्ह आहे. त्याच कारणानं ती सब्स्टिट्यूटच्या आरपार जाते, हा फायदा.

शोडाउनवर एका वेळी समोरच्याचा एकच पोकेमॉन निजवता येतो. काही फॉरमॅटमध्ये तर झोप आणणाऱ्या मूव्ह बंदच आहेत. टीम बनवून झाली की व्हॅलिडेट दाबून पाहा, नाहीतर लढाई शोधताना नकार येतो. झोप बंद असलेल्या फॉरमॅटमध्ये व्हेनोमॉथ घेऊच नका.

स्विचवरचा स्कार्लेट किंवा व्हायोलेट हा खेळ ज्यांच्याकडे आहे त्यांनी हीच बांधणी करावी. ईव्हीसाठी स्पेशल अटॅकला कॅल्शियम आणि स्पीडला कार्बोस. एकीनं १० वाढतात, २५२ साठी २६ लागतात, एक १०,००० ला. दोन्ही मिळून ५,२०,००० खेळातले पैसे. एवढे नसतील तर आधी स्पीड पूर्ण करा.

लाईनचं गाऱ्हाणं सगळ्यांचंच. भारनियमनात टॉवर बंद पडला आणि लढाईचा टायमर चालू असला तर तो थांबत नाही. खेळायच्या आधी नाव नोंदवून ठेवा. नेटवर्क आलं की त्याच नावानं आत जाऊन चालू लढाई पुन्हा उघडता येते. अॅनिमेशन आणि आवाज बंद ठेवले तर कमी रेंजमध्येही भागतं. आणि टीम ब्राउझरच्या आतच साठवलेली असते, फोन हळू चालतो म्हणून कोणी ब्राउझरचा डेटा साफ केला की सगळ्या टीम जातात. एक्स्पोर्ट करून तो मजकूर स्वतःलाच व्हॉट्सअॅपवर पाठवून ठेवा.